पाच इंच खाली

६ मार्च, गुरुवार

आजपासून ट्रकचं काम धरलं. गॅरेजचा धंदा बंद करून चार वर्षं झाली, तरी काम धरलं की वहीत लिहायची सवय काही सुटत नाही. गाडी कोणती, बिघाड काय, काय केलं. अडतीस वर्षं आमच्या एस्पान्योला गावातल्या लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ केली आणि प्रत्येक गाडीचं असं लिहून ठेवलं.

तर गाडी: आमचीच. एकाहत्तरची पिकप, गडद लाल. मालक: मी आणि एर्सीलिया. बिघाड: काही नाही. एर्सीलियाला तिच्यात चढता येत नाही, एवढंच.

जानेवारीत तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. साखरेच्या आजारानं. तेव्हापासून दवाखाना सोडला तर ती घराबाहेर पडलेली नाही, आणि दवाखान्यातही आमची मुलगी कोरीना तिच्या छोट्या गाडीतून नेते. लग्न झाल्यापासून एक्केचाळीस वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही दोघं या ट्रकमधून रिव्हरसाइडच्या रस्त्यानं चालीच्या वेगात फेरी मारत आलो. ईस्टरला तर सगळं खोरंच आपापल्या गाड्या धुऊनपुसून रस्त्यावर उतरतं. परवा मी म्हटलं, उचलून बसवतो तुला. ती म्हणाली, "मी काय सिमेंटची गोणी आहे?" आणि तोंड भिंतीकडे केलं.

म्हणून ठरवलं. तिला वर जाता येत नाही ना, मग ट्रक खाली आणायचा. पाच इंच. उरलेल्या उंचीसाठी एक बुटका लाकडी ओटा करायचा, त्यावर व्हीलचेअर चढवायची, मध्ये फळी टाकायची, की तिची ती सरकत सीटवर जाईल. कुणी हात लावायला नको. ईस्टर वीस एप्रिलला आहे. सहा आठवडे पुष्कळ झाले.

९ मार्च, रविवार

ट्रांकिलिनो आला होता मदतीला. बत्तीस वर्षं तो माझ्या गॅरेजात होता. कोरीनाचा धर्मपिताही तोच, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो, म्हणजे नात्याहून जास्त आणि बोलताना सगळी सूट. आल्या आल्या त्यानं माझ्यावर तोंडसुख घेतलं. म्हणाला, "जन्मभर तरण्या पोरांवर ओरडलास, ट्रक जमिनीला टेकवू नका रे म्हणून. आता म्हातारपणी तुलाच चळ लागला."

जुन्या स्प्रिंगा काढल्या, आखूड बसवल्या. ट्रक खाली आला, दिसतोही छान. पण मागे उभं राहून बघितलं तर डावं चाक मडगार्डच्या बाहेर आलेलं आणि उजवं आत दडलेलं. पाऊण इंचाचा फरक. हे होणार हे ठाऊक होतं. मागचा एक्सल इकडेतिकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो, एक टोक चासीला आणि दुसरं एक्सलला. रॉड असतो तिरका. वरचा सांगाडा खाली आला की तो सपाट होतो आणि एक्सलला एका बाजूला ढकलतो. दोष कुणाचाच नाही. एक गोष्ट खाली घेतली की दुसरी सरकते.

उपाय सोपा आहे. लांबी कमीजास्त करता येईल असा आट्यांचा रॉड मागवायचा.

साडेपाचला ट्रांकिलिनो गेला. मी थांबलो. त्या वेळी गॅरेजात उजेड चांगला असतो. सहाला कोरीना येते, आईची पट्टी बदलायला. तासाभराचं काम असतं, मध्ये माझी लुडबुड कशाला.

१४ मार्च, शुक्रवार

रॉड आला. चांगला जाडजूड आहे.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार, म्हणून दुपारी कोरीना अंड्याचे वडे आणि लाल मिरचीचं कालवण ठेवून गेली. एर्सीलियानं दोन घास खाल्ले. मग विचारलं, "ईस्टरपर्यंत नक्की होईल ना ट्रक? नंतर नको."

मी म्हटलं, होईल, पण एवढी घाई का, रस्ता काही पळून जात नाही. हीटर चालू होता, मी सदऱ्यावर होतो, तरी तिच्या डाव्या पायात लोकरीचा मोजा. हल्ली झोपतानाही काढत नाही. रक्त कमी झालं असेल.

पण तिनं स्वतःहून ट्रकचं विचारलं, याचा मला आनंद झाला. जानेवारीपासून तिनं पुढच्या कशाबद्दल विचारलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

आज चूक केली, लिहून ठेवतो.

ट्रक स्टँडवर उचललेला, मागची चाकं लोंबकळत. रॉड बसवत होतो, तेवढ्यात सहाला कोरीना गॅरेजच्या दारात आली. म्हणाली, "पापा, आज पाच मिनिटं घमेलं धरायला या. मला एकटीला जमत नाहीये." मी म्हटलं, हात ग्रीसनं भरलेत. ती म्हणाली, धुवा. मी म्हटलं, हे मध्येच सोडता येत नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

मग मी जे दिसेल ते आवळत सुटलो. रॉडचे दोन्ही नट, एक्सलला पुढून धरणाऱ्या दांड्यांचे नट, सगळे. चाकं हवेत असताना. नव्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं. जोडात रबरी बुश असतात, चाकं लोंबकळताना आवळलं की ती त्याच अवस्थेत घट्ट होतात. मग गाडी खाली ठेवली की पिळली जातात आणि एक्सलला ओढत राहतात. हे मला झोपेतही ठाऊक आहे.

ट्रक खाली घेतला, चासीवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. एक्सल मध्यावर नाही. वर तिरकाही झालाय. चालवला तर खेकड्यासारखा जाईल.

मी आत गेलो तेव्हा कोरीना निघून गेली होती. एर्सीलिया झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

२९ मार्च, शनिवार

मधले दिवस गावच्या पाण्याच्या पाटाच्या साफसफाईत गेले. घरटी एक माणूस द्यावा लागतो, पाय काढलेल्या बायकोचं कारण तिथे चालत नाही, आणि मी ते दिलंही नाही. वाऱ्यानं डोळ्यांत माती गेली. फावडं मारताना बरं वाटलं.

आज सगळे नट सैल करून ट्रक चाकांवर उभा केला. ज्यानं मला हे काम शिकवलं तो म्हातारा सेनोबियो एकच नियम सांगायचा: बसणारा बसल्याशिवाय शेवटचा नट आवळायचा नाही. त्याच्या गॅरेजात रविवारच्या फेरीची गाडी असली की मालक, मालकीण, मागे पोरं, सगळी आपापल्या जागी बसवायची आणि मग माणसानं खाली शिरायचं. गाडी रिकामी सरळ असून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. या खोऱ्यात अजून तसंच करतात. बायका पावडर लावून, केस वळवून नट आवळून घ्यायला येतात.

एर्सीलियाला विचारलं. म्हणाली, गॅरेजच्या दारातून सगळा रस्ता बघतो, नको.

मग वाळूच्या पिशव्या भरल्या. माझ्या जागी आठ, तिच्या जागी सहा. पंचवीस पौंडांची एक, म्हणजे तिचे दीडशे. मी खाली शिरायच्या तयारीत होतो, तर मदतीला आलेल्या ट्रांकिलिनोनं तिच्या जागेवरच्या दोन पिशव्या उचलून बाहेर ठेवल्या.

मी विचारलं, काय करतोस?

"कोंपाद्रे, एर्सीलिया आता एवढी नाही."

मी त्याला म्हटलं, माझ्या बायकोचं वजन मला शिकवू नकोस. तो गेल्यावर पिशव्या परत ठेवल्या. माझी माणसं मला ठाऊक आहेत.

४ एप्रिल, शुक्रवार

पहाटे हिम पडलं. दारातल्या जर्दाळूचा सगळा फुलोरा काळा झाला.

कोरीना बोलायला आली. म्हणाली, "पापा, डॉक्टर ममाच्या दुसऱ्या..." मी तिला खडूच्या खुणा दाखवायला लागलो. तिरकी मापं कशी घ्यायची, चासीच्या उजव्या भोकापासून डाव्या चाकापर्यंत आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही सारखी आली की एक्सल काटकोनात. लहानपणी तिला यात गोडी होती. ती बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्हाला ऐकायचं नसेल तर तसं सांगा." मी म्हटलं, दवाखान्याचं तुला जास्त कळतं, ते तू बघ. ट्रकचं मी बघतो. ज्याचं काम त्यानं करावं.

ती रडवेली झाली होती. दमते बिचारी, दिवसभर शाळेत स्वयंपाक आणि संध्याकाळी हे.

१२ एप्रिल, शनिवार

आट्यांचा रॉड अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं फिरवून एक्सल मध्यावर आणला. तिरकी मापं जुळली. पिशव्या ठेवून नट आवळले. पुलापर्यंत चालवून आणला, पुन्हा ओळंबा सोडला. डावीकडे एक सूत जास्त, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

ट्रांकिलिनो म्हणाला, एक सूत परमेश्वरालाही दिसत नाही. मी म्हटलं, मला दिसतं. पुन्हा नट सोडायला लागलो. ही पाचवी वेळ.

तो बादली पालथी घालून बसला. म्हणाला, "तुला ट्रक सरळ करायचाच नाहीये."

"मग काय करतोय मी इथं महिनाभर?"

"तो सरळ झाला की तुला घरात जावं लागेल."

मी त्याला जायला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो टोपी घालून गेला, दारही हळूच लावलं त्यानं. मूर्खासारखं बोलतो. घरातच तर राहतो मी. रोज तिथेच जेवतो, झोपतो.

मात्र वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून हे लिहितो: पाय काढल्यापासून तो मी पाहिलेला नाही. पांघरूण असतं. मी आत असताना ती ते ओढून घेते, की ती ओढून घेईल इतका वेळ मी दारात खाकरत थांबतो, हे मला सांगता येणार नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आजच्या दिवशी लोखंडाला हात लावायचा नाही. खिळा ठोकायचा नाही, नट फिरवायचा नाही. माझ्या आजोबांनी पाळलं, बापानं पाळलं, मीही पाळतो. पण दोनच दिवस उरलेत आणि एक सूत अजून तसंच.

सकाळपासून चिमायोच्या देवळाकडे यात्रेला पायी जाणारे लोक दारावरून चालत होते. कुणी खांद्यावर क्रूस घेतलेला, कुणी पोराला कडेवर. एर्सीलियाची खुर्ची खिडकीशी नेली. मागच्या वर्षी ती पंधरा मैल चालली होती. आज नुसती पाय बघत होती लोकांचे.

साडेपाच वाजले. गॅरेजात जायचं कारण नव्हतं. तरी गेलो, ट्रकला टेकून उभा राहिलो आणि परत आलो. सहाला कोरीना आली, खोलीचं दार लावलं. मी स्वयंपाकघरात बसलो. पट्टीची गुंडाळी सोडल्याचा आवाज दाराबाहेर येतो, हे मला माहीत नव्हतं. आधी एक, मग दुसरी. एका पायाला दोन गुंडाळ्या कशाला लागतात कोण जाणे. कोरीना हात सैल सोडते.

मग आतून एर्सीलियाचा आवाज आला, मला ऐकू यावा इतका मोठा. "फिल, उद्या मला ट्रकमध्ये बसव आणि काय ते मोजून टाक."

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी दहाला. तिनं केस वळवले होते, ओठांना रंग लावला होता, तिचा निळा झगा. मी ओटा लावला, त्यावर खुर्ची चढवली, फळी टाकली. फळी मी काचेसारखी घासून ठेवली होती. ती हातांवर जोर देत अर्ध्यापर्यंत सरकली आणि अडली.

म्हणाली, "हात दे."

मी तिच्या काखेत हात घातला आणि उचललं. जोर मी दीडशे पौंडांचा लावला होता. ती इतकी पटकन वर आली की माझाच तोल गेला. चार पिशव्याही नव्हती ती. ट्रांकिलिनोला सगळं दिसलं होतं आणि रोज शेजारी झोपणाऱ्या मला नाही. मला लाज वाटली, इतकी की तिच्याकडे न बघता मी तसाच खाली शिरलो.

ट्रक पाच इंच खाली आणल्यामुळे आता आत सरपटत जावं लागतं. नाकाच्या वर चार बोटं जागा. सगळे नट सैल केले, तिला सीटवर दोनदा हलायला सांगितलं, स्प्रिंगा बसू दिल्या. ओळंबा सोडला. रॉड पाव फेरा फिरवला. एक्सल अगदी मध्यावर आला. पहिल्या नटाला पाना लावला आणि वरून पत्र्यातून तिचा आवाज आला.

"फिल, पुरा आत आहेस?"

"पुरा."

"मग ऐक. आता तुला उठून जाता येणार नाही. मंगळवारी डावा पायही घेतायत. आधी बोटं. आत काय निघेल त्यावर पुढचं."

मी पाना धरून तसाच पडलो. विचारलं, कधी कळलं?

"उपास सुरू झाले त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी."

म्हणजे मी ट्रकला हात लावायच्या आधी. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"कुणाला सांगू, गॅरेजच्या दाराला? साडेपाच वाजले की तू नसतोस. कोरीनानं सांगायचा प्रयत्न केला तर तिला मापं दाखवलीस." मग म्हणाली, "पहिला पाय काढला तेव्हा मला वाटलं, पाय गेला तर गेला. पण त्याच्याबरोबर तूही गेलास. आता दुसरा जातोय, तर मला नीट सांग, तू उरणार आहेस का."

बोलताना तिचा आवाज हलला नाही. ती हे किती दिवस मनात घोकत होती कुणास ठाऊक. मी रडलो. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, आणि हात पुसायला वर नेता येत नाही. मी म्हटलं, मला भीती वाटते. मी तो बघितला की ते खरं होईल असं वाटतं. इतकं वेड्यासारखं कुणाशी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "खरं झालंय, फिल. तू न बघता झालंय." मग थोड्या वेळानं, "आधी नट आवळ. मग रड. माझी पाठ दुखायला लागली."

आवळले. चारही. वहीसाठी: डावीकडे आणि उजवीकडे माप सारखं, सूतभरही फरक नाही. तिरकी मापं सारखी. काम संपलं.

बाहेर आलो तर ती समोर रस्त्याकडे बघत होती, आणि रस्त्यावरची दोन माणसं तिच्याकडे. तिनं पांघरूण आणलंच नव्हतं.

२० एप्रिल, ईस्टर

फेरी मारली. चार तास. ट्रक नाकासमोर गेला, हात सोडले तरी. ट्रांकिलिनो वाटेत भेटला, त्याला थांबवून म्हटलं, माझं चुकलं, कोंपाद्रे. तो म्हणाला, "ते पिशव्यांचं की मला हाकललं त्याचं?" दोन्हीचं म्हटलं. एर्सीलियानं काच पूर्ण खाली घेतली होती. ओळखीचे लोक येऊन तिच्या दाराशी वाकत होते, आणि आता वाकल्यावर तोंड बरोबर तिच्या तोंडासमोर येत होतं. तिनं काही जणांना पाय दाखवला. काही जणांना मंगळवारचंही सांगितलं. मी ऐकत होतो.

२१ एप्रिल, सोमवार

उद्या सकाळी सहाला निघायचं. ट्रकनंच जायचं, असं ती म्हणाली. सांता फेच्या दवाखान्यात ट्रक कुठे लावायचा ते कोरीनानं विचारून ठेवलंय.

कोरीनाला आज यायला नको म्हटलं. तिनं फोनवर पट्टीचं सगळं कुठे ठेवलंय ते सांगितलं, दोनदा. साडेपाचला मी हात धुतले, कोपरापर्यंत, नखांतलं ग्रीस ब्रशनं काढलं. घमेलं घेऊन आत गेलो. खाकरलो नाही.

तिनं स्वतःच पांघरूण बाजूला केलं. काय आधी, काय मग, ते ती सांगत गेली, मी करत गेलो. डाव्याची बोटं काळी पडली आहेत. ती मी बघितली, धुतली, पुसली. मग उजवा. टाक्यांची रेघ गुलाबी आहे, थोडी वाकडी. पहिली पट्टी घट्ट झाली, सोडून पुन्हा बांधली, दुसऱ्यांदा सैल झाली. मी विचारलं, किती आवळायची ते कळणार कसं?

म्हणाली, "खाली हात ठेव. कळेल."

ठेवला. इतके महिने मला वाटत होतं की तो थंड असेल. गरम होता.